ऑर्गन, पेटी व कारागिराचा कान

परदेशांतून आलेल्या वस्तूंची परीक्षा आपल्याकडे बहुधा दोन प्रकारांनीं होते. एक पक्ष ती वस्तु परकी म्हणून टाकून देतो, दुसरा ती सोयीची म्हणून घरांत आणतो. आणि ज्या कारागिरीनें ती घडली, त्या कारागिरीकडे पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहींत. बाजाच्या पेटीविषयीं शंभराहून अधिक वर्षें चाललेला वाद याच मासल्याचा आहे. पेटी आमच्या गाण्यास तारक कीं मारक, हा प्रश्न इतक्या वेळां विचारला गेला आहे कीं, त्यांत आतां नवीन कांहीं उरलें नसेल, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु ही पेटी ज्या घराण्यांतली, त्या घराण्यांतला वडील पुरुष म्हणजे चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन. त्याच्या घडणीची ओळख करून घेऊन मग पेटीकडे पाहिलें, तर दोष कोठें आहे व तो कोणाचा आहे, याचा उलगडा कांहींसा निराळा होतो. तो उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही राहतों त्या भिवंडीपासून वसई फार दूर नाहीं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, आणि त्यानंतर तेथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखांतल्या देवळांत जाऊन पोंचल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा व भीमाशंकराची घंटा या तर प्रसिद्धच आहेत. ज्या घंटेनें पोर्तुगिजांस प्रार्थनेस बोलाविलें, तीच घंटा महादेवापुढें वाजूं लागली आणि कोणाच्याही कानास ती परकी वाटली नाहीं. याचें कारण उघड आहे. घंटा आपला स्वर आपल्या धातूंतच घेऊन येते. ती कोठेंही टांगा, तिला जागेचें माप लागत नाहीं. ऑर्गनचें मात्र याच्या अगदीं उलट आहे. एका चर्चमधला ऑर्गन उचलून जसाच्या तसा दुसऱ्या वास्तूंत नेऊन बसविला, तर नळ्या त्याच राहतील, स्वरही तेच राहतील, परंतु आवाज तो राहणार नाहीं. कारण ऑर्गन हें वाद्य वास्तूंत ठेवलेलें नसतें; तें त्या वास्तूचा एक भाग म्हणून घडविलेलें असतें.

ऑर्गनचें मूळ तत्त्व आपल्या बासरीचेंच आहे. नळींत वारा शिरावा, तिच्या तोंडाशीं असलेल्या धारेवर तो आपटावा आणि नळींतल्या हवेस कंप सुटावा, यापलीकडे त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. फरक इतकाच कीं, येथें फुंकणारा माणूस नसून भाता असतो, आणि एका नळीचीं भोंकें झांकून निरनिराळे स्वर काढण्याऐवजीं प्रत्येक स्वरास स्वतंत्र नळी दिलेली असते. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनें पाण्याच्या दाबावर चालणारें असें पहिलें वाद्य बनविलें. सन ७५७ मध्यें बायझंटाईन बादशहानें फ्रँकांच्या पेपिन राजास ऑर्गन नजर केला. पुढें कित्येक शतकांनीं तो पश्चिमेकडील चर्चचा जणूं कंठच होऊन बसला. वाचकांस मौज वाटेल ती त्याच्या मापांची. पट्ट्यांवरच्या सर्वांत खालच्या स्वराची उघडी नळी सुमारें ८ फूट लांब असते. त्याच्या खालच्या सप्तकासाठीं १६ फूट व त्याहूनही खालीं जावयाचें तर ३२ फुटांची नळी लागते. नळीचें वरचें तोंड बंद केलें, तर अर्ध्या लांबींतच तोच स्वर मिळतो. पण त्याचा रंग बदलतो. कांहीं नळ्या लांकडाच्या, कांहीं कथील व शिसें यांच्या मिश्रणाच्या. कांहीं रुंद, कांहीं अरुंद. कांहींच्या बुडाशीं पितळेची जीभ. अशा नळ्यांच्या रांगांवर रांगा मांडलेल्या असतात, आणि वाजविणारा खुंटी ओढील त्या रांगेंत वारा सोडला जातो. मोठ्या ऑर्गनांत नळ्यांची संख्या हजारांनीं मोजावी लागते.

परंतु हजारों नळ्या ओळीनें उभ्या केल्या म्हणजे ऑर्गन झाला, असें समजणें म्हणजे भोपळा, दांडी व चार तारा एकत्र बांधल्या कीं तंबोरा झाला, असें समजण्यासारखें आहे. तंबोऱ्याचा जीव कोठें असतो, हें आमच्या गाणाऱ्या घरांतून लहान मुलांसही ठाऊक असतें. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, त्यांचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे पारखून घेतात, लांकूड मुरवितात, दांडी जोडतात. पण हें सगळें झाल्यावर घोडी घासून जवारी काढावयाची वेळ येते, तेव्हां हत्याराचें काम संपून कानाचें काम सुरू होतें. कानशीचा एक हात कमी पडला तर तार मुकी राहते, एक जास्त पडला तर ती खरखरते. ऑर्गन घडविणाराचीही एक जवारी असते. नळीच्या तोंडाची उंची किती कापावयाची, वारा येण्याची फट किती ठेवावयाची, पायाचें भोंक किती मोठें करावयाचें, आंतल्या पट्टीच्या धारेवर बारीक खांचा घ्यावयाच्या कीं नाहीं, हें सर्व तो नळी फुंकून, ऐकून ठरवितो. हें काम शेवटीं कारखान्यांत पुरें होत नाहीं. नळ्या चर्चमध्यें उभ्या केल्यावर, तेथल्या दगडी भिंती, तेथली कमान, तेथली लांकडी आसनें यांच्यामध्यें कारागीर आठवड्यामागून आठवडे बसतो आणि प्रत्येक नळीस त्या जागेंत कसें बोलावयाचें तें शिकवितो. उंच कमानीखालीं आवाज कित्येक सेकंद घुमत राहतो. तेथें खर्जाच्या नळ्या आवरून धराव्या लागतात. लहानशा, गालिचे अंथरलेल्या जागेंत तोच आवाज शोषला जातो. तेथें तो सोडावा लागतो. हवेच्या उष्णतेचाही हिशेब असतो. ऊन वाढलें कीं साध्या नळ्यांचा स्वर चढतो, पण जिभेच्या नळ्या जवळजवळ आपल्या जागीं राहतात, आणि मग एकाच वाद्याच्या दोन फळ्या होतात. म्हणून ऑर्गन जुळविणारा वर्षांतून अनेक वेळां येतो. एका अर्थानें ऑर्गन कधींच पुरा होत नाहीं.

या कारागिरीचा आपल्या देशाशीं प्रथम संबंध आला तो गोव्याच्या वाटेनें. अकबर बादशहानें हाजी हबीबुल्ला याला गोव्यास पाठविलें होतें. तेथील नवलाच्या वस्तु व हुन्नर यांबरोबर त्यानें ऑर्गनही आणला. बदाऊनीनें त्याचें वर्णन करून ठेविलें आहे. माणसाएवढी पेटी, आंत बसून वाजविणारा फिरंगी, बाहेर त्यास हातभार लावणारे दोघे आणि नाना तऱ्हेचे निघणारे आवाज, हें सर्व त्यांत आहे. आश्चर्य भरपूर आहे; रचनेची चौकशी मात्र नाहीं. आम्हांस वाटतें, पुढच्या चारशें वर्षांचें बीज या वर्णनांतच आहे. इंग्रजी अमलांत मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या चर्चमध्यें नळ्यांचे ऑर्गन बसले. परंतु ते आले ते तयार माल म्हणून. त्यांचें लांकूड परदेशांत वाळलेलें, चामडें परदेशांत कमावलेलें. आमच्या पावसाळ्यांत तें लांकूड फुगे, उन्हाळ्यांत आटे. भात्यांच्या चामड्यावर बुरशी चढे आणि वाळवीस तर धर्माचा विधिनिषेध नसतोच. ऑर्गन आला, पण ऑर्गन घडविणाराचें बिऱ्हाड कांहीं आलें नाहीं. आणि ज्या कारागिरीचें बिऱ्हाड गांवांत नाहीं, ती कारागिरी त्या गांवची होत नाहीं.

हवामानावर सगळा दोष टाकतां आला असता, तर गोष्ट येथेंच संपली असती. पण फिलिपाईन्समधल्या लास पिन्यास या गांवचा दाखला आड येतो. तेथें दिएगो सेरा नांवाच्या स्पॅनिश पाद्र्यानें १८१६ सालीं ऑर्गन बांधावयास घेतला. धातु महाग, बांबू मात्र दारांत. त्यानें बांबू तोडून समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेविले, कीड लागणारे तेथेंच गेले, टिकाऊ तेवढे घेतले आणि त्यांच्या नळ्या केल्या. १८२४ पर्यंत काम चाललें. या ऑर्गनच्या १,०३१ नळ्यांपैकीं ९०२ बांबूच्या आहेत. भूकंप व वादळें यांनीं तो मोडला. १९७३ ते १९७५ या काळांत जर्मनींतल्या बॉन येथील योहानेस क्लाइस यांच्या कारखान्यांत त्याचा जीर्णोद्धार झाला, आणि तो पुन्हां वाजूं लागला. तेथली हवा कोंकणच्या हवेहून कोरडी नाहीं आणि तेथला बांबू आमच्या बांबूहून देवाघरचा नाहीं. फरक पडला तो एका माणसाच्या प्रश्नानें. ही वस्तु येथें पोंचवावी कशी, असें न विचारतां ही वस्तु येथें घडावी कशी, असें त्यानें विचारलें.

आमच्याकडे नळी रुजली नाहीं. रुजली ती जीभ. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केला. त्यांत नळीच नाहीं. पितळेची पातळ जीभ आपल्या चौकटींत हालते आणि तिच्या लांबी-जाडीवरच स्वर ठरतो. म्हणजे ८ फुटांच्या नळीचें काम बोटभर पट्टी करूं लागली, आणि वास्तूएवढें वाद्य पेटीएवढें झालें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास पायाचा भाता काढून हाताचा भाता दिला, आणि पेटी जमिनीवर मांडी घालून बसली. आमच्या रंगभूमीवर हाताची पेटी व पायाचा ऑर्गन या दोघांनींही मोठा मान मिळविला. गोविंदराव टेंबे यांच्या हातांत पेटी नुसती साथ करणारी न राहतां गाऊं लागली. १९११ च्या 'मानापमाना'च्या चाली त्यांच्याच. गंधर्व नाटक मंडळींत हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी व थिरकवांचा तबला यांच्या मेळांत बालगंधर्वांचा स्वर कसा तरंगे, हें ऐकलेल्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें आहे. इकडे मराठी ख्रिस्ती मंडळींतही तेंच झालें. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचीं भजनें व अभंग उपासनेंत आले, तेव्हां त्यांच्या साथीस बसले ते पेटी, तबला व टाळ. नळ्यांचा ऑर्गन मोठ्या शहरांतल्या मोठ्या चर्चपुरताच राहिला.

मग पेटीवर आरोप तो कोणता? १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या दारांतून बाहेर काढलें आणि सुमारें तीस वर्षें ती बंदी चालली. आरोप दोन. एक, पेटींतून मींड निघत नाहीं. दुसरा, तिचे स्वर बेसूर आहेत. पहिला आरोप खरा आहे, आणि त्यास उत्तर नाहीं. प्रत्येक स्वरास स्वतंत्र जागा दिली कीं दोन स्वरांमधली वाट बंद होते. ऑर्गनमध्येंही ती बंदच आहे. दुसरा आरोप मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. षड्जाशीं ५:४ असें प्रमाण असलेला जो शुद्ध गंधार तंबोऱ्यांतून आपोआप ऐकूं येतो, त्याहून पेटीचा गंधार चढा असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर हें अंतर सुमारें १४ भागांचें पडतें. मुरलेल्या कानास तें टोंचतें, यांत शंका नाहीं. परंतु हा दोष पट्टीचा आहे काय? सप्तकाचे बारा सारखे भाग पाडण्याची ही रीत ऑर्गनाबरोबर जन्मलेली नाहीं. जुन्या चर्चमधले ऑर्गन शुद्ध गंधार सांभाळून जुळविलेले असत. इंग्लंडांत ही समविभागी रीत सर्रास झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. इतकेंच नव्हे, तर सोळाव्या-सतराव्या शतकांत इटली व जर्मनींतल्या कांहीं ऑर्गनांना दुभंगलेल्या काळ्या पट्ट्या असत. एकाच काळ्या पट्टीचे दोन भाग, एकांत जरा उतरलेला स्वर, दुसऱ्यांत जरा चढा. ज्या वाद्याच्या नांवानें आपण बोटें मोडतों, त्याच्याच पूर्वजांनीं हा प्रश्न ओळखून त्यावर उपाय शोधले होते.

ही हकीकत ध्यानांत घेतली म्हणजे सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांचा उद्योग विक्षिप्त वाटत नाहीं. त्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्यानें श्रुतींची पेटी लंडनमध्यें तयार करविली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत या श्रुतिविचारावर मोठा वाद झाला, आणि पंडित भातखंडे यांच्यासारख्यांस तो पटला नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्षांजवळ अर्धे अर्धे सत्य होतें. गायकाचा गंधार रागाप्रमाणें, किंबहुना चढ-उताराप्रमाणें, जागा बदलतो. तो कोठल्याही पेटींत कायमचा कोंडतां येणार नाहीं, हें भातखंड्यांच्या बाजूचें सत्य. पण म्हणून कोणताही गंधार चालेल असें नव्हे, कारागिरानें आपला कान लावलाच पाहिजे, हें देवलांच्या बाजूचें सत्य. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी नव्यानें सिद्ध केली, तीही याच दुसऱ्या सत्याच्या मागें लागून.

आतां आमचा निर्णय. भिवंडींत मागांचा खडखडाट अहोरात्र चालतो. त्या मागांवर हजारों वार कोरें कापड निघतें आणि तें कोणाच्या अंगावर जाणार, याची मागास कल्पना नसते. असण्याचें कारणही नाहीं. पण तेंच कोरें कापड अंगाभोवतीं गुंडाळून कोणी हिंडूं लागला व अंगरखा बसत नाहीं म्हणून मागास शिव्या देऊं लागला, तर आपण त्यास काय म्हणूं? पेटीच्या बाबतींत आपण नेमकें हेंच केलें आहे. पूर्वीं जर्मनी-पॅरिसचे सूर आले, पुढें गुजरातेंतल्या पालिताण्याचे आले. ते पेटींत बसले, आणि जसे बसले तसेच वाजूं लागले. सुराच्या जिभेचें टोंक किंचित् घासलें तर स्वर चढतो, बुडाशीं घासलें तर उतरतो. हें ठाऊक असलेला, तंबोरा समोर ठेवून एकेक सूर गाणाऱ्याच्या गळ्याशीं जुळवून देणारा कारागीर आपल्यांत नव्हता, असें नाहीं. मुंबई-पुण्यास असे लोक झाले, आजही आहेत. पण त्यांचें काम म्हणजे दुरुस्ती, असें आपण समजलों. पेटी विकत घेतांना लांकडाची चकाकी पाहिली, पडद्यावरचें नक्षीकाम पाहिलें, किंमतींत घासाघीस केली. सूर लावणाराच्या मजुरीचा विचार सर्वांत शेवटीं, आणि तोही कुरकुरत. ऑर्गन बांधणाऱ्यांच्या देशांत सूर लावणारा हा कारागिरांचा मुकुटमणि. आपल्याकडे तो पेटी बिघडल्यावर बोलवावयाचा माणूस. पेटीचा दोष जो म्हणतात, तो येथें आहे. आपण वाद्य घेतलें, कान घेतला नाहीं.

कोणी म्हणेल, ऑर्गन हा श्रीमंत चर्चचा थाट. मध्यम स्थितींतल्या घरानें पेटीसाठीं इतका खटाटोप कां करावा? यास उत्तर असें कीं, मिरजेचा तंबोराही मध्यम स्थितींतल्या घरांतच वाढला, आणि त्याची जवारी काढून घेण्याचा खटाटोप त्या घरांनीं कधीं टाळला नाहीं. दुसरा कोणी म्हणेल, आतां विजेवर चालणारीं वाद्यें आलीं. कळ दाबतांच तंबोरा वाजतो, कळ दाबतांच ऑर्गनही वाजतो, मग या जुन्या हुन्नराचें काय काम? या यंत्रांचा आम्हांस तिटकारा नाहीं. एकट्यानें रियाज करणाऱ्यास त्यांचा उपयोगच होतो. परंतु त्यांतला ऑर्गन हा कोठल्या तरी दूरच्या चर्चमध्यें कोणी तरी कानानें घडविलेल्या ऑर्गनची प्रतिमा असतो, आणि त्यांतला तंबोरा हा कोणी तरी जवारी काढलेल्या तंबोऱ्याची. मूळ घडविणारा हातच उद्यां राहिला नाहीं, तर प्रतिमा कशाची घेणार?

आमचें सांगणें अशक्य कोटींतलें नाहीं. नळ्यांचे ऑर्गन गांवोगांव बांधा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मुलीसाठीं वा मुलासाठीं पेटी घ्यावयाची असेल, तर दुकानांतून ती बांधून आणण्यापूर्वीं गाणाऱ्यास बरोबर न्यावें. त्याचा गळा कोणत्या पट्टींत मोकळा होतो, हें कारागिरास ऐकवावें. तंबोरा लावून पेटीचा गंधार त्याशीं भिडवून पाहावा. आणि चढा वाटला तर तो उतरवून देण्याची मजुरी आनंदानें द्यावी. घरीं आणल्यावर ज्या खोलींत ती वाजणार, त्या खोलींत एकदां त्याच कारागिराचे पाय लागूं द्यावे. इतकें ज्या घरांत होईल, त्या घरांतली पेटी परकी राहणार नाहीं. वसईची घंटा आपल्या देवळांत आपोआप मिसळली, कारण तिला कांहीं विचारावें लागत नव्हतें. पेटीस विचारावें लागतें, आणि तें विचारणाराची मजुरी आपण आजवर थकवीत आलों आहों.